लघवी तपासायच्या स्ट्रिप्स: तीन स्टार देतोय
बाबांना पंधरा वर्षं शुगर, त्यात डाव्या किडनीत खडा, आणि लघवीचं इन्फेक्शन औषध संपलं की पुन्हा हजर, म्हणून दहा चौकोनांच्या या स्ट्रिप्स मागवल्या. सहा महिने झाले वापरतोय.

वापरायला सोप्या आहेत. बुडवायची, कडेला निथळवायची, डबीवरच्या रंगांशी जुळवायची. फक्त वेळ पाळा, साखर अर्ध्या मिनिटात, नायट्राइट (म्हणजे जंतू लघवीत बनवतात ते रसायन) एका मिनिटात आणि ल्युकोसाइट (म्हणजे पू पेशी) दोन मिनिटांनी, मध्येच फोन आला आणि नंतर बघितलं तर ती पट्टी टाकून द्या. सकाळची पहिलीच लघवी घ्या कारण नायट्राइट बनायला जंतूंना मूत्राशयात चारेक तास मिळावे लागतात, आणि सगळे जंतू ते बनवतही नाहीत. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चालू असतील तरी चौकोन खोटा कोरा राहू शकतो.

साखरेच्या चौकोनाचा आम्हाला शून्य उपयोग. पहिल्याच दिवशी गडद आला, मी बाबांवर चिडलो की चोरून गोड खाल्लंत ना, नंतर कळलं की त्यांची डापाग्लिफ्लोझिनची गोळी साखर लघवीवाटेच बाहेर काढते, तो चौकोन कायम तसाच येणार! बरं, लघवीत साखर खूप असली की पू पेशींचा रंगही फिका पडू शकतो, म्हणजे शुगरवाल्याच्याच बाबतीत पट्टी जरा आंधळी.

आता दोन स्टार कशाला कापले ते. एका रात्री बाबांना थंडी वाजून ताप आला, डाव्या कुशीत दुखायला लागलं, उलटी झाली. मी शहाण्यासारखी स्ट्रिप लावली, नायट्राइट नाही, पू पेशी नाहीत, म्हटलं व्हायरल असेल, सकाळी बघू. सकाळी ते नीट बोलेनात आणि बीपी खाली, तसेच उचलून दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत किडनी फुगलेली, सीटीत खडा मूत्रनलिकेत घट्ट अडकलेला. डॉक्टर म्हणाले, अहो डावी वाट पूर्ण बंद आहे, तिथला पू खाली येणारच कुठून, तुम्ही तपासली ती उजव्या किडनीची स्वच्छ लघवी. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर! अशा वेळी नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही, कोंडलेलं आधी बाहेर काढावं लागतं, म्हणून त्याच दिवशी स्टेंट (मूत्रनलिकेत वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी) टाकला, खडा मात्र इन्फेक्शन पूर्ण गेल्यावर काही आठवड्यांनी काढला. शुगरवाल्यांत कधीकधी जंतू किडनीत गॅससुद्धा करतात म्हणे, सीटी त्यासाठीही बघतात, आमचं तिथवर गेलं नाही.

उलट भानगडही झाली. महिन्याभराने पट्टी पॉझिटिव्ह, बाबा ठणठणीत. मी घरातली उरलेली अँटिबायोटिक द्यायला निघालो होतो, डॉक्टरांनी फोनवरच अडवलं. त्रास काही नसताना नुसते जंतू सापडले तर शुगर आहे म्हणून औषध देत नाहीत (गरोदरपण किंवा लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर वेगळं), उगाच दिलं की खरी वेळ येते तेव्हा तेच औषध लागू पडत नाही. आणि त्रास असेल तर कल्चरच (लॅबमध्ये लघवीतले जंतू वाढवून बघतात ती तपासणी) करायचं, रिपोर्टला दोनेक दिवस लागतात पण कोणता जंतू आणि कोणतं औषध ते कळतं.

मग घेतो कशाला? जळजळ सुरू झाली की पट्टी लावतो, रंग आला की कल्चरला पाठवतो, एवढंच. ताप आणि कुशीत दुखणं एकत्र असेल तर डबी उघडतच नाही, सरळ गाडी काढतो.

झाकण लगेच घट्ट लावा, दमट हवेत पट्ट्या खराब होतात. एक स्टार त्या रात्रीसाठी कापलाय, माहितीपत्रकात अडकलेल्या खड्याबद्दल एक ओळ नाही. दुसरा रंगांच्या चार्टसाठी, फिका गुलाबी आणि पांढरा यातला फरक बाबांना चष्मा लावूनही दिसत नाही, ट्यूबलाइटखाली तर मलाही नाही.