रेनॉक्स डीसीआर-२५०: घटपर्णीसाठी घ्यायची की धानाच्या बांधीसाठी?

मेघालयात घटपर्णी ही कीटक खाणारी वेल बघायला निघालेला माणूस पहिली चौकशी रेनॉक्स डीसीआर-२५० या काचेचीच करतो. घ्यायला हरकत नाही, पण घटपर्णीसाठी म्हणून घेऊ नका. घटपर्णीचा कलश वीतभर असतो. तेवढ्या मोठ्या वस्तूला मॅक्रो, म्हणजे बारीक वस्तू मोठी करून दाखवणारी काच, लागतेच कुठे? जिला ती खरोखर लागते ती कीटकभक्षी वनस्पती म्हणजे दवबिंदू (ड्रोसेरा). ती आपल्या गोंदिया-भंडाऱ्याच्या धुऱ्यांच्या, म्हणजे शेताच्या बांधांच्या आसपास उगवते आणि रुपयाच्या नाण्याखाली झाकली जाते.

डीसीआर-२५० ही वेगळी लेन्स नाही. असलेल्या लेन्सच्या तोंडावर बसणारी ही क्लोज-अप काच आहे, ताकद +८ डायॉप्टर (चष्म्याच्या नंबरसारखं माप). सोबत दोन स्प्रिंगच्या चिमट्यांचा अडॅप्टर येतो. तो ५२ ते ६७ मिमी फिल्टर साईझच्या लेन्सवर बसतो, म्हणजे इकडे बहुतेकांकडे असलेल्या ५५-२५० किंवा ७०-३०० वर चालतो. काचेची स्वतःची चुडी (आटे) ४३ मिमीची आहे. धुऱ्यावर उताणं-पालथं पडून काम करायचं असेल तर चिमट्यापेक्षा ५८ ते ४३ ची स्टेप-डाऊन रिंग बरी. चिमटा झटकन लागतो आणि गवताच्या काडीने तितक्याच झटकन निघतो.

सेन्सरवर वस्तूच्या किती पट चित्र पडेल हा हिशेब सोपा आहे. लेन्सचा फोकस इन्फिनिटीवर (सर्वांत दूरवर) ठेवा, फोकल लेंथला ८ ने गुणा आणि १००० ने भागा. १०० मिमीला ०.८ पट, २०० ला १.६ पट, २५० ला पूर्ण २ पट. एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यात १०० मिमीला साधारण २८ मिमी रुंदीचा भाग फ्रेममध्ये येतो, २५० ला जेमतेम ११ मिमी. झूम आखूड केला, विशेषतः ५५ ते ७० च्या दरम्यान, की कोपरे काळे पडतात. हा बिघाड नाही, काचेचा व्यास लहान आहे म्हणून तसं होतं. एक्स्टेंशन ट्यूबच्या (कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसणाऱ्या पोकळ नळीच्या) तुलनेत मोठा फायदा हा की उजेड खाल्ला जात नाही.

वस्तूपासूनचं अंतर मात्र जवळजवळ बांधलेलं आहे. इन्फिनिटीला ते साडेबारा सेंटिमीटरपेक्षा थोडं कमीच भरतं. फोकस रिंग फिरवून फार काही हाती लागत नाही. ऑटोफोकस बंद करा, हाताची कोपरं जमिनीला टेकवा आणि कॅमेऱ्यासकट स्वतः मागेपुढे डोला. दहा फोटोंत दोन धारदार आले तर हात बसला म्हणायचं.

आता बांधीतली गोष्ट. दवबिंदू शोधायला धान भरात असलेल्या, युरिया पडलेल्या बांधीत उतरू नका. या वनस्पतीला नायट्रोजनची टंचाई असलेली जमीन लागते. कीटक खाण्याची वेळ तिच्यावर त्याच टंचाईने आणली आहे. धुऱ्यापलीकडची पडीक, मुरमाड, पाणी पाझरत राहणारी जागा बघा, किंवा बोडीच्या (लहान तळ्याच्या) काठाची उघडी ओल. पावसाळा ओसरत आला की जमिनीलगत तांबूस ठिपके दिसतात. बुटक्या जातीची पानं चमच्यासारखी, गोल चकतीत मांडलेली. दुसरी जात उभी, दोऱ्यासारख्या पानांची. नावावर जाऊन पहाटे दव बघायला धावू नका. पानावरचे थेंब दव नसून चिकट स्राव असतो आणि तो उन्हातही टिकतो. सकाळी लवकर जायचं ते वाऱ्यासाठी. ऊन चढलं की वारा सुटतो, आणि १.६ पटीला पान नुसतं थरथरलं तरी फ्रेमबाहेर जातं.

याच पटीत पानावरचा एकेक केस वेगळा दिसतो: तांबडा देठ, टोकाला लालभडक गाठ, तिच्याभोवती काचेच्या मण्यासारखा थेंब, आणि त्या थेंबात मागच्या गवताचं उलटं चित्र. या एका दृश्यासाठी काचेचे पैसे वसूल होतात.

अडचण खोलीची आहे. १ पटीला एफ/११ ठेवूनही फोकसची जाडी अर्धा मिलिमीटर भरत नाही. २ पटीला ती त्याच्या पाव हिश्श्यावर येते. म्हणून पानाची चकती सेन्सरला समांतर धरा, म्हणजे थेट वरून घ्या. बाजूने घ्यायचं तर एकच केस निवडा आणि बाकीचं धूसर होऊ द्या. एफ/१६ च्या पुढे जाऊ नका, तिथे चित्र मऊ पडायला लागतं. कॅमेऱ्याचा वरचा फ्लॅश उघडा सोडला तर दोन गोष्टी बिघडतात: लेन्सची सावली पानावर पडते आणि प्रत्येक थेंबात पांढरा डाग बसतो. आईस्क्रीमच्या डब्याचं दुधी झाकण मधोमध कापून लेन्सवर चढवा. १/२००, एफ/११, आयएसओ २०० ते ४०० पासून सुरुवात करा. अंगाखाली पन्नी अंथरा, पण आधी तिथे रोपं नाहीत ना ते बघा. एका फोटोपायी पोटाखाली वीस दवबिंदू चिरडणारे कमी नाहीत. फोटोसाठी मुंगी पकडून पानावर टाकणं तर नकोच.

मामा (माजी मालगुजारी) तलावातल्या पाण्यात तरंगणाऱ्या युट्रिक्युलारिया या कीटकभक्षी वनस्पतीच्या सापळ्याच्या पिशव्या याहून बारीक, एक ते चार मिलिमीटरच्या. पाण्याबाहेर काढल्या की त्या चिकटून गोळा होतात. पांढऱ्या बशीत तलावाचंच पाणी घेऊन एक फांदी त्यात पसरवा, २५० मिमीला वरून फोटो घ्या आणि फांदी परत सोडा. पिशवी भक्ष्य ओढते ते सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात, त्यामुळे तो क्षण टिपायचा नाद सोडा.

आणि मेघालय? भारतात घटपर्णीची एकच जात आहे, नेपेंथिस खासियाना. गारो, खासी आणि जैंतिया डोंगरांतली. गारो लोक तिला मेमांग-कोक्सी, भुताची टोपली म्हणतात. दक्षिण गारो हिल्समधलं बाघमाराचं घटपर्णी अभयारण्य अवघं २ हेक्टरचं, म्हणजे पाच एकर. नागझिऱ्याच्या मोठ्या अभयारण्याच्या हिशेबाने जाल तर गाडीतून उतरेपर्यंत ते संपलेलं असेल. जैंतिया बाजूला जोवईजवळचं जराईन हे दुसरं ठिकाण. नोव्हेंबरात तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा इकडच्या सवयीने संध्याकाळच्या उजेडावर विसंबू नका.

तिथे पहिले फोटो रेनॉक्स न लावता घ्या. १८ मिमीला उतारासकट झुडूप, मग ५५ ते १०० मिमीला एक कलश, एफ/८, तिपाईवर. ओल्या कलशावरची चकाकी पोलरायझरने मरते. जमिनीजवळच्या कलशांना पुढच्या बाजूने दोन झालरी असतात, वरचे कलश नरसाळ्यासारखे, दोन्ही घ्या. कलश म्हणजे फूल नव्हे, पानाचं टोक आहे, त्यामुळे देठाच्या तंतूसकट पान फ्रेममध्ये आलं तरच फोटो अभ्यासाच्या कामाचा. रेनॉक्स काढायची ती काठासाठी: १०० मिमीला काठावरच्या घसरड्या पन्हाळ्या मोजता येतील इतक्या स्पष्ट येतात. कलशामागे छोटी टॉर्च बटर पेपर लावून धरली की भिंतीतून उजेड झिरपतो आणि आतल्या द्रवाची पातळी दिसते. झाकण बोटाने उचकटू नका, कलश वाकवू नका. द्रव सांडला की तो सापळा निकामी. तोडणं तर कायद्यानेच गुन्हा आहे.

केरळच्या पालोड इथल्या जवाहरलाल नेहरू उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवलं की अतिनील उजेडात या कलशाचा काठ निळा चमकतो. ३६५ नॅनोमीटरची टॉर्च आणि काही सेकंदांचं एक्स्पोजर असेल तर अंधारात तो टिपता येतो. टॉर्चकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका.

तिथल्या दमट हवेत एसी गाडीतून उतरलं की रेनॉक्स आणि लेन्स यांच्या मधल्या पोकळीत वाफ धरते. वरून पुसून उपयोग नाही. काच काढून दोन्ही दहा-पंधरा मिनिटं उघड्या ठेवा.

फक्त मेघालयासाठीच घ्यायची असेल तर हिचीच बहीण डीसीआर-१५० घ्या. ती +४.८ ची आहे, अंतर वीस सेंटिमीटरपर्यंत मिळतं, आणि २०० मिमीला जवळपास १ पट येते. झुडपात हात घालून काम करताना तेवढी ऐसपैस जागा लागतेच. ऑनलाइन मिळणाऱ्या एकेरी काचेच्या +१० फिल्टरवर पैसे घालू नका. पांढऱ्या फुलाच्या कडेला जांभळी-हिरवी किनार येते आणि कोपरे पुसट राहतात. दवबिंदूसाठी मात्र २५०च. मागवण्याआधी आपल्या लेन्सच्या झाकणामागे लिहिलेला आकडा वाचा. ७२ किंवा ७७ असेल तर सोबतचा चिमटा बसणार नाही.