बाबांना सांभाळायला माणूस शोधायला गेले, पेन्शनचा घोळ सापडला (नौपाडा, ठाणे) ४ स्टार

माजी सैनिकांच्या कागदपत्रांची कामं करणारं नौपाड्यातलं छोटंसं ऑफिस आहे, एक रिटायर्ड सुभेदार साहेब आणि कॉम्प्युटरवर बसणारी एक मुलगी, बस एवढंच.

आमचे बाबा ८२ वर्षांचे, १९८४ ला हवालदार म्हणून रिटायर झाले, साताऱ्याहून इकडे आले आणि वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत सिक्युरिटीला लागले. मे महिन्यात लकवा मारला, उजवी बाजू गेली. हॉस्पिटलचं सगळं ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डावर झालं, खिशातून काही गेलं नाही, आणि तिथेच आमची गफलत झाली कारण आम्हाला वाटलं घरी आल्यावरचा माणूस, बेड, डायपर हेही कुठूनतरी मिळेलच, मिलिटरीवाल्यांना सगळं फुकट असतं ना. पेशंट केअरच्या ब्युरोने चोवीस तासाच्या माणसाचे महिन्याला २६ हजार सांगितले तेव्हा मी आणि भाऊ एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो.

मग मी या ऑफिसात गेले, साहेबांनी पाच मिनिटांत पाय जमिनीवर आणले. "ताई, ईसीएचएस म्हणजे औषध आणि उपचार. कूस बदलायला, आंघोळ घालायला माणूस ठेवला तर त्याचे पैसे त्यात बसत नाहीत, उगाच चकरा मारू नका." खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरचं विचारलं, आमच्या एका नातेवाईकांनी डोक्यात भरवलं होतं, तर म्हणाले ते पाठीच्या कण्याला मार लागलेल्या जवानांसाठी आहे, म्हातारपणाच्या लकव्यासाठी नाही. माणूस ठेवायला कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स म्हणून एक भत्ता असतो तोही १०० टक्के अपंगत्वाची पेन्शन असलेल्यांना, बाबांची साधी सर्व्हिस पेन्शन. म्हणजे एकामागून एक सगळे दरवाजे बंद, मला तर रडूच यायला लागलं होतं.

मग त्यांनी डिस्चार्ज बुक (फौजेतल्या नोकरीची नोंदवही) आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद) मागितला. दोन मिनिटं बघून विचारलं, ८० पूर्ण झाल्यावर पेन्शन वाढली का? आम्हाला असं काही असतं हेच माहीत नव्हतं! ८० नंतर बेसिक पेन्शनच्या २० टक्के जास्त मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला डबल. बाबांचं दोन वर्षांपासून लागलंच नव्हतं, कारण आधारवर आम्हीच कधीतरी जन्मसाल चुकीचं टाकलेलं आणि डिस्चार्ज बुकवर वेगळं. आधी आधार दुरुस्त, मग फौजी पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर अर्ज, त्या मुलीने सगळं भरून दिलं, चार महिने लागले पण थकबाकीसकट आले. महिन्याला चार हजाराच्या आसपास, वर महागाई भत्ता. २६ हजारापुढे काहीच नाही हो, पण हॉस्पिटल बेडचं भाडं आणि डायपर त्यात निघतात, आणि थकबाकीतून एअर मॅट्रेस घेतली, पाठीला जखम होत होती ती थांबली.

माझ्या आधी एक आजोबा बसलेले, पेन्शन लागण्याआधीच फौज सोडलेले. त्यांना रक्षा मंत्रालयाच्या फंडातल्या मदतीचा फॉर्म जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून करायला सांगत होते. पेन्शन नसलेल्या ६५ वरच्या हवालदारापर्यंतच्या लोकांना ती मिळते, नोव्हेंबर २०२५ पासून महिन्याला ४ हजाराचे ८ हजार केलेत. आजोबा तीन वेळा विचारत होते, साहेब तीन वेळा न चिडता सांगत होते, ते मला फार आवडलं.

आता माणसाचं. ब्युरोने आधी मावशी पाठवलेल्या, बाबा अंगाला हातच लावू देईनात, "बाईमाणसाकडून आंघोळ नाही" म्हणून उपाशी बसले. साहेबांनी दोन-तीन मामांचे (पेशंट सांभाळणाऱ्या पुरुषांचे) नंबर दिले, त्यातले एक आले, छान होते, आणि नवव्या दिवशी पगाराचा ॲडव्हान्स घेऊन जे गेले ते गेलेच. साहेब म्हणाले मी फक्त नंबर देतो, जबाबदारी घेत नाही. बरोबर आहे, पण मग ते आधीच स्पष्ट सांगा ना, आणि निदान पोलिस व्हेरिफिकेशन झालेल्यांचेच नंबर द्या. अर्धा स्टार इथे गेला. आता दुसरे मामा आहेत, जळगावकडचे, बाबांना कुकर लावण्यापासून क्रिकेटपर्यंत सगळ्यावर बोलायला लागतं आणि यांना ते जमतं.

फी कागदांची १५०० घेतली, माणसाचं कमिशन शून्य. उरलेला अर्धा स्टार जिन्याचा, ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि येणारे सगळे सत्तरीचे! पेशंटला नेऊ नका, डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार आणि ईसीएचएस कार्डाची झेरॉक्स घेऊन जा. शनिवारी एकनंतर बंद असतं, मी उन्हात एक फेरी फुकट मारलीय.