जॉक स्टीन यांच्या वाटेने : ग्लासगोतील अर्ध्या दिवसाच्या सहलीचे परीक्षण

ग्लासगोत फुटबॉलप्रेमींसाठी निघणाऱ्या सहली पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक मैदानाच्या दाराशी सुरू होऊन स्मरणवस्तूंच्या दुकानात संपतात. एका लहान स्थानिक व्यावसायिकाकडून मी घेतलेली सहल मात्र एकाच माणसाला वाहिलेली होती. माणशी 40 पौंड, साधारण साडेचार तास, मिनीबसमध्ये आठच प्रवासी आणि विषय जॉक स्टीन : कोळसा खाणीतला कामगार, बचावफळीतला खेळाडू, राखीव संघाचा प्रशिक्षक, चार क्लबांचा व्यवस्थापक आणि शेवटी स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाचा व्यवस्थापक.

सहलीची सुरुवात ग्लासगोच्या सेल्टिक क्लबच्या मैदानापासून, म्हणजे सेल्टिक पार्कपासून, न करता लॅनार्कशायरमधल्या बर्नबँकपासून करण्याचा निर्णय मला सर्वांत आवडला. स्टीन यांचा जन्म येथे 1922 साली झाला. पाहण्यासारखे येथे फारसे नाही. परंतु मार्गदर्शक वयस्क, बहुश्रुत आणि सुदैवाने अतिशयोक्तीचा तिटकारा असलेले असल्यामुळे, आठवडाभर खाणीत राबून शनिवारी मैदानात उतरणारा तरुण त्यांनी कोणतेही नाट्य न करता उभा केला. कोटब्रिजच्या अल्बियन रोव्हर्सकडून स्टीन 1942 ते 1950 असे आठ वर्षे खेळले. या क्लबचे क्लिफ्टनहिल मैदान बसमधून उतरून बाहेरून पाहता येते. त्यानंतरचा वेल्समधल्या लानेली क्लबचा काळ सहलीच्या पत्रकात एका ओळीत गुंडाळला असला, तरी मार्गदर्शकांनी त्यावर बराच वेळ दिला, आणि ते योग्यच होते; कारण कुटुंब दूर, त्यात स्कॉटलंडमधल्या बंद घरात चोऱ्या, यांमुळे खेळ सोडून पुन्हा खाणीत जाण्याच्या विचारात असलेल्या या माणसाला 1951 च्या डिसेंबरात सेल्टिकने अवघ्या 1,200 पौंडांत घेतले, तेही राखीव संघातल्या तरुणांना आधार म्हणून. पुढे इतरांच्या दुखापतींमुळे त्यांना पहिल्या संघात जागा मिळाली, कर्णधारपदही चालून आले, आणि 1954 साली सेल्टिकने लीग व स्कॉटिश कप एकाच हंगामात जिंकले. क्लबला असा दुहेरी मान त्याआधी 1914 साली मिळाला होता.

घोट्याच्या दुखापतीने 1957 साली त्यांचा खेळ थांबला. माझ्या मते स्टीन यांच्या कारकिर्दीचा खरा सांधा येथेच आहे, आणि माझी मुख्य तक्रारही येथूनच सुरू होते. राखीव संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी घालवलेली तीन वर्षे, त्या काळात त्यांच्या हाताखाली आलेले बिली मॅकनील आणि पॅट क्रेरँड यांच्यासारखे तरुण, आणि सेल्टिकच्या गादीवर तोवर एकही प्रॉटेस्टंट व्यवस्थापक बसलेला नसल्यामुळे प्रॉटेस्टंट घरातल्या स्टीन यांच्या बढतीबद्दलची साशंकता, हे सारे दहा मिनिटांत उरकले जाते. त्याहून खटकते ते असे की, डनफर्मलिन या सहलीत नाहीच. फोर्थ नदी ओलांडून फाइफमध्ये जायचे तर पूर्ण दिवस लागेल, हे कारण मला समजते. पण व्यवस्थापक स्टीन घडले ते याच गावात. मार्च 1960 मध्ये ते तेथे रुजू झाले तेव्हा संघ पदावनतीच्या कड्यावर होता. पहिला सामना सेल्टिकविरुद्ध जिंकून त्यांनी एकूण सलग सहा विजय मिळवले आणि संघ वाचवला. पुढच्याच वर्षी स्कॉटिश कपच्या अंतिम फेरीत, गोलशून्य बरोबरीनंतरच्या फेरसामन्यात, डनफर्मलिनने सेल्टिकलाच 2-0 असे हरवले. क्लबच्या इतिहासातला तो पहिला मोठा करंडक. याखेरीज फेअर्स कप या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत व्हॅलेन्सियाकडून परक्या मैदानावर 4-0 अशी हार पत्करून घरच्या मैदानावर 6-2 असा विजय मिळवणे, आणि बरोबरी सोडवण्यासाठी त्रयस्थ ठिकाणी झालेल्या तिसऱ्या सामन्यात 1-0 ने बाहेर पडणे, हा प्रसंग तर सहलीत यायलाच हवा होता. तो तिसरा सामना 1963 साली लिस्बनमध्ये झाला होता. चार वर्षांनी स्टीन याच शहरात कोणता करंडक उचलणार होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या योगायोगाची गंमत वेगळी सांगायला नको.

सेल्टिक पार्कवर बस थांबते तेव्हा सर्वांचे कॅमेरे बाहेर येतात. प्रवेशाजवळचा स्टीन यांचा पुतळा, त्यांचे नाव दिलेली प्रेक्षकगॅलरी, करंडक उंचावलेला मॅकनील यांचा पुतळा, हे सगळे पाहायला अर्धा तास पुरतो. मैदानाच्या आत जाण्याचे तिकीट या शुल्कात नाही, ही गोष्ट आरक्षण करताना ठळकपणे सांगितलेली नव्हती. आमच्यातले दोघे त्यामुळे नाराज झाले. कथन मात्र उत्तम होते. सेल्टिकचे व्यवस्थापक म्हणून स्टीन यांच्या 1965 ते 1978 या काळातली दहा लीग विजेतेपदे, त्यांतली 1966 ते 1974 अशी सलग नऊ, आणि 25 मे 1967 रोजी लिस्बनमध्ये इंटर मिलानवर 2-1 असा विजय मिळवून युरोपियन कप जिंकणारा पहिला ब्रिटिश संघ. माझोलाच्या पेनल्टीने सातव्याच मिनिटाला मागे पडलेला, सेल्टिक पार्कपासून तीस मैलांच्या आत जन्मलेल्या अकरा जणांचा हा संघ बचावासाठी ख्यातनाम असलेल्या इटालियन संघावर आक्रमण करतच राहिला, तो कशामुळे, हे मार्गदर्शकांनी बाकावर पाण्याच्या बाटल्या मांडून दाखवले. गेमेल आणि क्रेग हे दोन्ही बाजूंचे बचावपटू सतत पुढे धावत जाऊन मैदानाची रुंदी कशी वापरत, हे मला त्या बाटल्यांमुळे पहिल्यांदा नीट उमगले.

शेवटचा थांबा हॅम्पडेन पार्क या स्कॉटलंडच्या राष्ट्रीय मैदानाचा. येथे सांगण्याजोगे इतके घडले आहे की, अर्धा तास अपुरा पडतो. स्टीन यांच्या नेतृत्वाखाली सेल्टिकने 1953 चा कोरोनेशन कप येथेच जिंकला, डनफर्मलिनचा करंडक येथलाच, आणि 15 एप्रिल 1970 रोजी लीड्स युनायटेडविरुद्धचा युरोपियन कपचा उपांत्य सामना पाहायला येथे 1,36,505 प्रेक्षक जमले होते. त्यानंतरची अंतिम फेरी नेदरलँड्सच्या फेयेनूर्डने सेल्टिकला हरवून जिंकली, हे छापील पत्रकात नाही. 1975 चा, स्टीन यांच्या जीवावर बेतलेला मोटार अपघात नाही, आणि लीड्समधली स्टीन यांची 44 दिवसांची कारकीर्दही नाही. पत्रक लिहिणाऱ्याला केवळ करंडकच मोजता येत असावेत. मार्गदर्शकांनी हे सगळे तोंडी सांगितले म्हणून निभावले.

कार्डिफची हकीकत त्यांनी परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवली होती. 10 सप्टेंबर 1985 रोजी निनियन पार्कवर वेल्सविरुद्ध डेव्ही कूपरच्या पेनल्टीने स्कॉटलंडने 1-1 अशी बरोबरी साधली, आणि सामना संपता संपता कोसळलेल्या स्टीन यांचे तेथेच निधन झाले. त्या रात्री सहायक म्हणून बाकावर असलेल्या अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांच्याकडे पुढे संघाची सूत्रे आली. मागच्या आसनांवर इंजिनाच्या आवाजात यातले निम्मे ऐकू आले नाही, म्हणून आरक्षण करताना पुढची जागा मागून घ्यावी.

राहून गेलेल्या डनफर्मलिनला मी दुसऱ्या दिवशी एडिंबरोहून रेल्वेने, फोर्थवरच्या लाल पुलावरून, एकटाच गेलो. व्हॅलेन्सियावर सहा गोल झाले ते ईस्ट एंड पार्क तेथे आजही उभे आहे. आयोजकांनी पूर्ण दिवसाचा पर्याय काढला, तर त्यासाठी दुप्पट पैसे मोजायची माझी तयारी आहे.