नोमिस: वेल्सची लोकसंख्या तपासायची तर इथेच

ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाची ही मोफत ऑनलाइन सेवा. विषय आणि भूभाग निवडा. तक्ता एक्सेलमध्ये उतरतो. मांडणी मात्र जुनाट, नवखा माणूस गोंधळतोच.

पश्चिम वेल्समधल्या केरेडिगियन परगण्याची लोकसंख्या 2011 ते 2021 मध्ये 5.8 टक्क्यांनी घटली, हे लगेच सापडतं. पण 2021 ची गणना मार्चमध्ये, ऐन कोविडकाळात झाली आणि विद्यार्थी सत्रातल्या पत्त्यावर मोजले जातात. म्हणून तिथल्या अ‍ॅबरिस्टविथसारख्या विद्यापीठाच्या गावाचे आकडे वयोगटानुसार तपासूनच वापरा.

2021 च्या गणनेतलं वेल्श भाषा बोलणाऱ्यांचं 17.8 टक्के प्रमाण वेल्समधल्या तीन वर्षं आणि त्यावरच्या रहिवाशांमधलं आहे. भागाकारात सगळी लोकसंख्या घेतली की टक्केवारी चुकते. वार्षिक नमुना पाहणीचा आकडा बराच मोठा येतो. गणना आणि पाहणी, दोन्हींचे आकडे एकाच आलेखात कृपया जोडू नका, भाषा वाढल्याचा खोटा दिलासा मिळतो.