चार डिस्कचे पैसे, तीन डिस्कचा रेड

"१२ टीबी म्हणाला होतास, इथे तर ११ च दिसतंय," स्टुडिओच्या मशीनमध्ये डिस्क लावून देणाऱ्या माणसाला मी विचारलं होतं. तो हसला आणि शांतपणे समजावून सांगितलं. डिस्क बनवणारा १,००० च्या हिशेबाने मोजतो आणि मशीन १,०२४ च्या, म्हणून १२ चे १०.९ होतात आणि मशीन तेच ११ करून दाखवतं. बोलणं शंभर टक्के खरं होतं. रात्री घरी जाऊन मी पडताळूनही पाहिलं. माणूस हुशार आहे, असं बायकोला सांगितलं आणि त्यानंतर काहीच पडताळलं नाही.

सांगलीत माझा लग्नांच्या फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. कपाटात सुट्या हार्डडिस्कचा ढीग झाला होता. कुठलं लग्न कुठल्या डिस्कवर, हे फक्त आमच्या पोऱ्याला माहीत, आणि तो नोकरी सोडून गेला. म्हणून ओळखीतून हा माणूस आला. जुन्या टॉवरमध्ये उबुंटू (लिनक्स) टाकायचं, ४ टीबीच्या चार नव्या डिस्क लावायच्या आणि रेड ५ करायचा (म्हणजे चारही जोडून एकच मोठी डिस्क), असं ठरलं. चारांपैकी एका डिस्कएवढी जागा हिशेबाच्या माहितीत जाते. ती माहिती चारही डिस्कवर विखुरलेली असते, त्यामुळे कुठलीही एक डिस्क मेली तरी बाकीच्या तिघींवरून सगळं परत उभं राहतं. डिस्कचे ४४,००० आणि मजुरीचे ५,००० घेतले. बिल म्हणून वहीच्या कागदावर आकडे लिहून दिले. त्यावर सिरियल नंबर नव्हते, जीएसटी नव्हता. ओळखीचा माणूस, पक्कं बिल मागायला लाज वाटली.

काळ्या स्क्रीनवर त्याने भराभर कमांड मारल्या आणि चाळीस मिनिटांत "झालं सर" म्हणून चहा पिऊन गेला. ४ टीबीच्या डिस्कचा नवा रेड ५ वापरता लगेच येतो, पण आतली बांधणी सात-आठ तास तरी चालते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझ्याकडे काहीच चाललं नव्हतं, कारण बांधण्यासारखं काही नव्हतंच.

चौदा महिने सगळं सुरळीत. मग ऐन मे महिन्यात एका लग्नाच्या क्लिप उघडेनात. 'इनपुट-आउटपुट एरर'. पुण्यात सर्व्हर सांभाळणाऱ्या भाच्याला फोन केला.

"मामा, रेडची हालत दाखवणारी /प्रॉक/एमडीस्टॅट ही फाइल कॅट कमांडने उघडून बघा. शेवटच्या चौकटी कंसात काय आहे?"

"तीन यू आणि एक खालची रेघ. त्याच्या आधी ४/३."

तो दोन क्षण गप्प. "यू म्हणजे चालू डिस्क, रेघ म्हणजे गैरहजर. चौथी डिस्क नाहीये. आणि उरलेल्या तिघींतली एक आता मरतेय. आधी मशीन बंद करा. कुणी सांगितलं तरी रेड नव्याने बनवणारी क्रिएट किंवा फाइल दुरुस्तीची एफएससीके कमांड मारायची नाही."

मी कॅबिनेट उघडलं. डिस्क चारच होत्या. पण चौथीला फक्त पॉवरची वायर होती, डेटा केबल नव्हतीच. स्टिकरवर दुसरा स्टिकर चिकटवला होता. नखाने काढला, तर खाली ५०० जीबी. केबल लावून पाहिली, मशीनने ओळखलीही नाही. चौदा महिने ती नुसती गरगरत होती.

त्या माणसाला फोन केला. "सर, चौथी डिस्क नंतर गेली असेल, डिस्कचं काय सांगता येतं?" मग भाचा शनिवारी स्वतः आला आणि टर्मिनलची हिस्टरी, म्हणजे आधी मारलेल्या कमांडची यादी, उघडली. मी त्या काळ्या खिडकीच्या वाटेला जात नसल्याने त्या माणसाने मारलेली ओळ जशीच्या तशी पडून होती: एमडीएडीएम (रेड बांधणारा आणि सांभाळणारा प्रोग्राम) --क्रिएट, --लेव्हल=५, --रेड-डिव्हायसेस=४, मग एसडीबी, एसडीसी, एसडीडी, आणि चौथ्या डिस्कच्या जागी शब्द 'मिसिंग'.

हा शब्द लबाडीसाठी बनवलेला नाही. आपली एकच भरलेली डिस्क असेल, तर आधी तिच्याशिवाय अपुरा रेड बांधायचा, माहिती त्यावर हलवायची आणि मग तीच डिस्क त्यात जोडायची, अशी त्याची खरी गरज आहे. अपुऱ्या रेडचा आकारही पुऱ्याएवढाच दिसतो. म्हणून मला ११ दिसले. मोठा आकार, शून्य सुरक्षितता, आणि एका डिस्कचे ११,००० त्याच्या खिशात.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. रेड अपुरा असेल तर एमडीएडीएम रोज मेल पाठवतं. पण पत्ता त्याने 'रूट' ठेवलेला, म्हणजे मशीनमधलीच पेटी, जी मी कधी उघडली नाही. तिच्यात चारशेवर मेल होते, सगळ्यांचा विषय एकच, डिग्रेडेड अ‍ॅरे, म्हणजे अपुरा रेड. पहिल्या मेलची तारीख आणि तो चहा पिऊन गेला ती तारीख यांत एका दिवसाचं अंतर. "नंतर गेली असेल" म्हणे!

भाच्याने स्मार्टसीटीएल या डिस्कची तब्येत सांगणाऱ्या कमांडने तिन्ही डिस्क तपासल्या. मरणाऱ्या डिस्कचे चालू तास ३४,००० च्या पुढे. चौदा महिने रात्रंदिवस चालली असती तरी १०,२०० च्या आसपास भरले असते आणि आमचा स्टुडिओ रात्री बंद असतो. म्हणजे तीही जुनीच. (हे तासही पुसता येतात. २०२५ मध्ये युरोपात सीगेटच्या जुन्या एक्सॉस डिस्क बाजारात नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं. तास शून्य केलेले होते, पण फार्म नावाच्या दुसऱ्या नोंदीत खरा आकडा उरला होता. नवीन स्मार्टसीटीएल '-एल फार्म' लिहिल्यावर ती नोंद दाखवतो, पण फक्त सीगेटची.)

मरणारी डिस्क डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने नव्या डिस्कवर उतरवायला तीन दिवस लागले. मग ती प्रत घेऊन रेड उभा केला, फक्त वाचण्यापुरता, आणि सगळं बाहेर काढलं. जवळजवळ सगळं मिळालं. एका लग्नाची वरमाला मात्र गेली. मुलीच्या आईला ते सांगायला मी स्वतः गेलो. त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. फक्त विचारलं, "आणि सप्तपदी?" ती होती.

त्या माणसाने हिस्टरीचा फोटो पाहिल्यापासून फोन उचललेला नाही. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात घटनेपासून दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण माझ्या हातात वहीचा कागद आहे, सिरियल नंबर असलेलं बिल नाही. वकील तो कागद उलटसुलट करून बघत बसले.

तुमच्याकडे कुणी असा रेड लावून दिला असेल, तर तो माणूस समोर असतानाच एलएसबीएलके ही डिस्कची यादी दाखवणारी कमांड मारायला लावा आणि डिस्क मोजा. 'स्मार्टसीटीएल -आय' चा सिरियल नंबर बिलाशी जुळवा. एमडीएडीएमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये तुमचा रोजचा मेल पत्ता घालून '--टेस्ट' चा मेल मोबाइलवर आल्याशिवाय मजुरी देऊ नका. बांधणी चालू असतानाही तीन यू आणि रेघ दिसते, तेव्हा घाबरू नका. पण मग खाली टक्केवारी सरकताना दिसली पाहिजे.

नवीन चौथी डिस्क भाच्याने माझ्याकडूनच जोडून घेतली. संध्याकाळी सहाला सुरू झालं. जेवणाचा डबा स्टुडिओतच मागवला आणि ती टक्केवारी बघत बसलो. पहाटे पावणेतीनला रेघेच्या जागी चौथा यू आला, तेव्हा शटर ओढलं.