मॅडमनी सांगितलेलं निम्मं खरं होतं

दत्तकात फसवणूक म्हटलं की दवाखान्याच्या मागच्या दाराने बाळ विकणारी टोळी आठवते. आम्हाला फसवणारी बाई तसली नव्हती. ती कायद्याच्या भाषेत बोलायची, नियम कुठल्या साली बदलले ते तोंडपाठ सांगायची, आणि आम्ही शोधायला गेलो की ते खरं निघायचं. खोटं तिने त्या खऱ्यातच कालवलेलं होतं. आपल्या कोल्हापूर-सांगली भागात तिचे फोन अजून चालू आहेत असं कानावर आलं, म्हणून सगळं लिहून काढतेय.

मी पतसंस्थेत नोकरी करते, ह्यांचं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. कारा म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर आमची नोंदणी झालेली, होम स्टडी म्हणजे घरी येऊन करायची चौकशी झालेली, आणि पुढे नुसतं वेटिंग. दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं असेल तर तीन-साडेतीन वर्षं कुठं गेली नाहीत. सासूबाई मधूनमधून विचारायच्या, "नंबर किती सरकला गं?" रेशनच्या रांगेत उभं असल्यासारखं.

वेटिंगवाल्या पालकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी "ताई खूप मदत करतात" म्हणून नंबर टाकला होता. ही बाई स्वतःला एका संस्थेची जिल्हा समन्वयक म्हणवायची. फोनवर तिचं पहिलंच वाक्य, "वहिनी, तुम्ही चुकीच्या रांगेत उभ्या आहात." मग म्हणाली, २०२४ मध्ये फॉस्टर केअरचे, म्हणजे दुसऱ्याचं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळण्याचे, नियम बदललेत. पूर्वी पाच वर्षं मूल सांभाळल्यावर दत्तकाला अर्ज करता यायचा, आता दोन वर्षांनी करता येतो. फॉस्टरला वेटिंगच नाही.

ह्यांनी त्याच रात्री मोबाईलवर शोधलं. पाचाची दोन वर्षं झालीत हे अगदी खरं. पस्तीस ते साठ वयाच्या एकट्या व्यक्तीलाही आता फॉस्टरसाठी मूल घेता येतं, तेही खरं. एवढं जुळल्यावर माणूस पुढचं वाचत नाही. पुढे असं लिहिलंय की ही सोय मुख्यतः संस्थेत राहणाऱ्या सहा वर्षांवरच्या मुलांसाठी आहे, ज्यांना कुटुंब मिळणं अवघड असतं अशांसाठी. तान्ह्या बाळाचा त्याच्याशी काही संबंध नाही. मूल कुणाकडे द्यायचं ते बाल कल्याण समिती ठरवते, कामकाज जिल्हा बाल संरक्षण कक्ष बघतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पैसे उलट दिशेने येतात. मिशन वात्सल्य योजनेत मूल सांभाळणाऱ्या कुटुंबाला महिन्याला ४,००० रुपयांची मदत असते. कुटुंबाने कुणाला द्यायचे नसतात.

भेटायला तिने एका सरकारी कार्यालयाचं आवार सांगितलं. आत नाही, बाहेर, झेरॉक्सच्या टपरीपाशी. गळ्यात ओळखपत्र, हातात जाडजूड फाईल, आणि येणाजाणाऱ्या दोघा-तिघांना "नमस्कार साहेब" घालणं चालू. ते साहेब तिला ओळखत होते की नाही, देव जाणे. नमस्काराला नमस्कार कोण करत नाही? ह्यांनी जरा आढेवेढे घेतल्यावर म्हणाली, "दादा, कोल्हापूरच्या माणसानं दत्तकाला घाबरायचं? आपले शाहू महाराज दत्तकच की!" हेसुद्धा खरं. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. आमच्या सासऱ्यांना तर ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी घरी आल्यावर दोनदा सांगितलं.

तिची गोष्ट अशी होती. वीस दिवसांची मुलगी आहे. आई कॉलेजात शिकणारी, लग्न झालेलं नाही, घरच्यांनी मूल सरेंडर केलंय. कायद्याने आईला मन बदलायला साठ दिवस मिळतात. "एवढे दिवस लेकराला संस्थेत कशाला ठेवायचं? फॉस्टर म्हणून तुम्हीच न्या, साठ दिवस झाले की दत्तकाचं बघू." साठ दिवसांचा नियम खरा आहे. पालकांना बाल कल्याण समितीपुढे उभं राहून मूल सोपवावं लागतं आणि पुढचे साठ दिवस त्यांना फेरविचारासाठी असतात. पण तो काळ आईसाठी ठेवलेला आहे. तो संपून समितीने मूल दत्तकासाठी मुक्त असल्याचं जाहीर केल्याशिवाय ते बाळ कुणाला "तुमचंच" म्हणून सांगताच येत नाही.

दत्तकपूर्व फॉस्टर केअर नावाचा प्रकार असतो, त्याचाही तिने असाच वापर केला. अंतिम आदेश यायच्या आधी बाळ घरी न्यायला मिळतं, हे आम्ही ग्रुपवर ऐकून होतो. पण ते कधी? पोर्टलवरून रेफरल येतो म्हणजे बाळ सुचवलं जातं, बाळाचा फोटो, माहिती आणि वैद्यकीय अहवाल दिसतो, ४८ तासांत बाळ राखून ठेवायचं असतं, मग मान्यताप्राप्त दत्तक संस्थेत जाऊन भेटून स्वीकारायचं, आणि त्यानंतर. तिने त्याआधीचं सगळं गाळलं आणि "बाळ आधी, आदेश नंतर" एवढंच आमच्यासमोर ठेवलं.

पैशांच्या बाबतीत तर तिने कमाल केली. आधी होम स्टडीचे ६,००० मागितले. आमचा एक होम स्टडी झालाय म्हटल्यावर "फॉस्टरचा वेगळा असतो" म्हणाली. मग बाल संगोपन निधीचे ५०,०००. हे दोन्ही आकडे २०२२ च्या दत्तक नियमावलीतलेच आहेत. ह्यांनी पडताळून पाहिले आणि तंतोतंत जुळले. भामट्याने लाखभर मागितले असते तर आम्ही तिथंच उठलो असतो. मी दिवसभर पावत्या फाडणारी बाई, मी पावती मागितली. ती व्हॉट्सॲपवर आली, त्यावर ना पावती क्रमांक ना संस्थेचा नोंदणी क्रमांक. विचारलं तर, "ऑनलाइन सिस्टीम डाऊन आहे, ओरिजिनल बाळाबरोबर मिळेल." पैसे गेले होते कुणा भलत्याच माणसाच्या यूपीआयवर. "आमचे अकाउंटंट," म्हणाली. त्यानंतर तपासण्यांचे म्हणून १८,०००.

बाल कल्याण समितीचं म्हणून तिने दिलेलं पत्र अजून माझ्याजवळ आहे. जांभळा गोल शिक्का, खाली फर्राटेदार सही. आमच्या ऑफिसात शिक्का मारला की पॅडची शाई कागदाच्या मागे थोडीतरी उमटते, आणि बोट फिरवलं तर फराटा उठतो. ह्या पत्राची मागची बाजू कोरी करकरीत. शिक्का, सही, तारीख, सगळं एकाच रंगीत प्रिंटरमधून निघालेलं. ते हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते, तेवढ्यात तिचा फोन आला. आईच्या घरच्यांना दीड लाख द्यावे लागतील, नाहीतर पोरगी साठ दिवसांत मन बदलेल.

ह्यांनी स्पीकरवर ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे बाळ विकत घ्यायचं?" पलीकडून फोन कट.

दुसऱ्या दिवशी ते पत्र घेऊन आम्ही जिल्हा बाल संरक्षण कक्षात गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी आदेश क्रमांक बघितला आणि मान हलवली. असा क्रमांक नाही, असं बाळ नाही, त्या संस्थेला दत्तकाची मान्यता नाही. हे सांगायला त्यांना फार वेळ लागला नाही आणि एक पैसाही लागला नाही. कुणीही असलं पत्र हातात दिलं तर सरळ तिकडं न्यायचं. मान्यताप्राप्त दत्तक संस्थांची यादी काराच्या संकेतस्थळावर जिल्हावार असते, तीही उघडून बघता येते.

आता ज्या कारणाने बहुतेक लोक गप्प बसतात ते सांगते. आम्ही पैसे परत मागितल्यावर तिचा मेसेज आला, "तक्रार केलीत तर बाळ विकत घेतलं म्हणून तुम्हीच आत जाल." ही धमकीसुद्धा अर्ध्या सत्यावर उभी होती. बाल न्याय कायद्याच्या कलम ८० खाली रीत डावलून मूल देणारा आणि घेणारा, दोघांनाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुलांच्या खरेदी-विक्रीचं कलम ८१ आणखी कडक, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. सासूबाई घाबरून "गेले पैसे तर जाऊ देत" म्हणायला लागल्या. पण वकिलांनी समजावलं की तुमच्या घरात मूल आलेलं नाही, विकत मागितल्याबरोबर तुम्ही थांबलात, आणि पैसे सरकारी फी म्हणून उकळलेत. ही सरळ फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि पोलिसांतही तक्रार दिली. शेवटचे १८,००० त्या खात्यात अजून होते, ते गोठवले गेले. आधीचे ५६,००० कधीच काढून झाले होते. १९३० ला जितक्या लवकर कळवाल तितकं हाती लागतं, दोन दिवस घरात चर्चा करत बसू नका.

ग्रुपवर हे टाकल्यावर एक-दोघांनी खाजगीत मेसेज केले. एकीला म्हणे बाळ नव्हे, "दत्तकपत्र" देऊ केलं होतं, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून. हिंदू दत्तक कायदा १९५६ चा आहे आणि त्यात कुटुंबा-कुटुंबात दत्तक होतं, पण त्यातही दत्तकाच्या बदल्यात पैसे घेणं-देणं कलम १७ ने गुन्हा आहे. आणि नोटरीचा शिक्का म्हणजे काही दस्त नोंदणी नव्हे.

त्या बाईने आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली होती. फॉस्टरला नाव घातलं की काराच्या यादीतलं नाव काढून टाका, दोन्हीकडे चालत नाही. ह्यांनी पोर्टल उघडलंही होतं, मीच म्हटलं, आधी बाळ घरी येऊ दे. आमची सिनियॉरिटी त्यामुळे शाबूत आहे. इचलकरंजीच्या एका जोडप्याने तिचं ऐकून नाव काढलं. पैसे आमच्यापेक्षा कमी गेले त्यांचे, पण आता नव्याने नोंदणी केलीय, आणि सिनियॉरिटी नव्या तारखेपासून मोजली जातेय.