टर्कीच्या रिपोर्टात ‘टाइप ए’ आलं, पण तपासलं काय होतं?

सांगलीतल्या एका खासगी पोल्ट्री लॅबची टर्कीतल्या नेक्रोटिक एन्टरायटिसची (जंतूमुळे आतडं सडण्याचा रोग) तपासणी. पाचपैकी तीन गुण, तेही नमुन्याच्या शिस्तीसाठी.

पक्षी मरून तीन-चार तास उलटले असतील तर इथे काउंटरवरूनच परत पाठवतात. राग येतो, पण बरोबर आहे. हा रोग करणारा जंतू, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स, पक्षी मेल्यावरही आतड्यात वाढतच राहतो. मग रोग कुठला आणि कुजणं कुठलं, कळत नाही. विटा-जतहून उन्हातान्हात पिशवीत आणलेला पक्षी वायाच जातो. त्यापेक्षा शेडवरच लहान आतड्याचा फुगलेला तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधा आणि बर्फाच्या डब्यातून आणा, गोठवू मात्र नका. रोग असेल तर आतून पातेल्याला धरलेल्या खरवडीसारखा पिवळट-तपकिरी थर दिसतो.

खोट रिपोर्टात आहे. पीसीआरमध्ये (जीन शोधणाऱ्या चाचणीत) जंतूच्या पाचच विषांची जीन पाहतात: अल्फा, बीटा, एप्सिलॉन, आयोटा आणि एन्टेरोटॉक्सिन. नेटबी या विषाचं जीन नाहीच. 2018 पासून या जंतूचे ए ते जी असे सात प्रकार धरतात. अल्फा सगळ्यांतच असतं. नुसतं अल्फा म्हणजे ए, जोडीला नेटबी असलं की जी. कोंबडीच्या नेक्रोटिक एन्टरायटिसमधलं हे विष 2008 मध्ये उजेडात आलं. ते न शोधताच ‘टाइप ए’ लिहिलं तर जी त्यातच दडून राहतो. फॉर्मवर ‘नेटबीसह’ लिहून घ्या, होत नसेल तर पैसे भरण्याआधीच विचारा.

अर्थात टर्कीत नेटबी कोंबडीपेक्षा कमीच सापडतं, आणि टाइप ए तर धडधाकट पक्ष्यातही निघतो. म्हणून आतड्याची खरवड मायक्रोस्कोपखाली बघून कॉक्सी (कॉक्सिडिया, आतड्यातला परजीवी) आहे का, हे पाहणं जास्त मोलाचं. कॉक्सीने आतडं सोललं की या जंतूला आयतं रान मिळतं. इथे मागितल्याशिवाय ती स्लाइड करत नाहीत.

सगळ्यात वाईट म्हणजे सोबतचं छापील सल्लापत्रक. कॉक्सीसाठी त्यात सॅलिनोमायसिन हे औषध सुचवलंय. ब्रॉयलरला ते चालतं, टर्कीला विष. पाय लुळे पडून पक्षी मरतात. ब्रॉयलरचं फीड टर्कीला घालणाऱ्यांनीही पोत्यावरचं लेबल वाचावं. कॉक्सीवरचंच मोनेन्सिन टर्कीच्या मात्रेत चालतं, पण ते चालू असताना टियामुलिन हे अँटिबायोटिक अजिबात नको.

काउंटरवर कुणी शेळ्यांची आंत्रविषाराची लस टोचा म्हणालं तर ऐकू नका. ती टाइप डीच्या एप्सिलॉन विषावरची आहे.